नळ व मोरी, एक नग

लिंबाजी मुकादमांसमोर ‘खड्डा’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी सांगत आलं की मुकादम, चौथ्या किलोमीटरला खड्डा पडलाय, तर ते आधी त्या माणसाकडं असं बघायचे की जणू त्यानं घरातल्या कुणाची वाईट बातमी आणली आहे. मग शांतपणे म्हणायचे, “खड्डा न्हाई. रस्ता बोलून राहिला असंल.” त्यांच्या मते रस्ता आधी बोलायला लागतो, म्हणजे मुरूम सैल होतो आणि चाकाखाली कुरकुर येते. मग तो तोंड उघडतो, म्हणजे वाटीएवढी जागा खाली बसते. खड्डा ही त्याच्या पुढची पायरी, आणि खड्डा पडला याचा अर्थ मुकादम मेला. मी त्यांच्या कामाच्या फायली सांभाळल्या त्या पाच वर्षांत त्या सात किलोमीटरवर खड्डा पडला नाही. बोलणं मात्र रोज चालू असायचं.

हा रस्ता म्हणजे सायकल मार्ग. आमच्या गावापासून वसमतच्या वेशीपर्यंत, कालव्याच्या भरावाच्या पायथ्यानं जाणारा. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला हळदीची आणि उसाची शेतं. मोठा रस्ता होताच, पण तो वळसा घालून जायचा आणि त्यावर उसाच्या ट्रॉल्या. गावातल्या तीस-चाळीस बाया वसमतला हळदीच्या गोदामांत निवडायच्या कामाला जायच्या, त्या जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून. कुठल्याशा योजनेत हा मार्ग मंजूर झाला तेव्हा सगळ्यांनाच गंमत वाटली. सायकलीसाठी वेगळा रस्ता म्हणजे शहरातलं खूळ, असं मीही म्हणालो होतो.

हा मार्ग बांधकाम खात्याच्या वसमतच्या ऑफिसाकडं होता, आणि मी त्या ऑफिसात कारकून होतो. हिंगोलीत आमच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पूजा आहे. ती सोडून फायलींची पूजा धरणारा घराण्यातला मी पहिला. बायको त्या गावच्या शाळेत शिक्षिका, म्हणून आम्ही राहायचो गावात, आणि मार्ग झाल्यावर मीही सायकलनं ऑफिसला जायला लागलो. त्यामुळं मुकादम मला रोज दोनदा भेटायचे, एकदा जाताना आणि एकदा येताना, आणि दोन्ही वेळा ते रस्त्याकडं बघत असायचे.

उंच, किडकिडीत माणूस. डोक्याला पांढरा टॉवेल. त्यांच्याकडं एक जुनी सायकल होती, तिच्या दांडीला पहार बांधलेली, कॅरियरवर फावडं आणि घमेलं, हँडलला पितळी तांब्या लटकवलेला. या सायकलवर त्यांना बसलेलं कुणी कधी पाहिलं नाही. सात किलोमीटर जायचे आणि सात यायचे ते तिला बैलासारखी हाताशी धरून. त्यांना सायकल येत नाही, असं गावात म्हणत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “बसलो तं खालचं दिसत न्हाई.” येत होती की नव्हती, ते त्यांनी सांगितलं नाही.

तांब्या पिण्यासाठी नव्हता. एखाद्या जागी मुरूम भरून, धुम्मसानं ठोकून घट्ट करून, वर दगडाची बारीक कच पसरून झाली की गँगमधली माणसं बिडी ओढायला बसायची. मुकादम कालव्यातून तांब्या भरून आणायचे, त्या जागेच्या मधोमध हळूच ओतायचे आणि उकिडवे बसायचे. पाणी शेताकडं निघालं की उठायचे आणि “बराबर” म्हणायचे. ते तिथंच रेंगाळलं तर पहार उचलायचे, आणि माणसं बिड्या विझवायची. आमच्या ऑफिसातले तरुण इंजिनिअर एकदा लेव्हल घेण्याचं यंत्र घेऊन आले आणि एक तुकडा अगदी बरोबर आहे म्हणून सांगून गेले. ते दिसेनासे होईपर्यंत मुकादम थांबले आणि मग त्यांनी तांब्या आणला. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पुन्हा उकरलेला होता. यंत्राबद्दल त्यांनी वाईट शब्द काढला नाही. यंत्र बरोबरच आहे, पण ते पाण्याच्या गावचं नाही, एवढंच म्हणाले.

मार्गाच्या तोंडाशी ट्रॅक्टर शिरू नये म्हणून दोन दगडी खांब रोवायचे होते. त्यांच्यामध्ये किती अंतर ठेवायचं यावर ऑफिसात बराच काथ्याकूट झाला. मुकादमांनी गावच्या दूधवाल्याला दोन्ही बाजूंनी भरलेले कॅन लटकवून सायकलसकट बोलावलं, त्याला मधे उभं केलं, दोन्हीकडं एक-एक वीत सोडली आणि खांब रोवले. नकाशावर ते अंतर मी नंतर लिहिलं. वरच्या साहेबांनी हा आकडा कुठल्या निकषानुसार असं विचारलं, तेव्हा इंजिनिअरांनी ‘स्थानिक गरजेनुसार’ असं उत्तर देऊन वेळ मारून नेली. स्थानिक गरज रोज सकाळी साडेपाचला त्या खांबांमधून घंटी वाजवत जायची.

पण रस्ता झाला म्हणून सायकली येत नाहीत. बायांना सायकल यायची कुठं? ज्यांना येत होती त्या शाळेतल्या पोरी. चाळिशी-पन्नाशीच्या बाया नुसत्या बघून हसायच्या आणि जीपमध्ये बसायच्या. मुकादमांनी एका रविवारी आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारासमोरच्या मैदानात कौसाबाईला बोलावलं. कौसाबाई म्हणजे गोदामात जाणाऱ्या बायांची म्होरकी, अंगानं भारी आणि जिभेनं त्याहून. ती म्हणाली, “मामा, ह्या वयात पडले तं हाड मोडंल.” मुकादम म्हणाले की मग आज आपण फक्त पडायचंच शिकू.

हे त्यांनी खरोखर केलं. पहिले दोन रविवार त्यांनी बायांना सायकल चालवायला शिकवलीच नाही, पडायला शिकवलं. कालव्याकडं पडायचं नाही, शेताकडं पडायचं. पाय कुठं टाकायचा, हँडल कधी सोडायचं, लुगड्याचा काचा कसा खोचायचा. बाया हसून हसून लोळायच्या, आणि बघायला जमलेले पुरुष आधी हसायचे, नंतर कंटाळून घरी जायचे. पुरुष घरी गेले की खरं शिकणं सुरू व्हायचं. मुकादम कॅरियर धरून मागं पळायचे. स्वतः सायकलवर न बसणाऱ्या माणसानं तीन महिन्यांत गावातल्या चोवीस बाया सायकलवर बसवल्या.

त्यानंतर मला त्यांच्या कामातली एक गोष्ट समजली, जी आधी विचित्र वाटायची. रस्त्याची शेताकडची साइडपट्टी ते रस्त्यापेक्षा जास्त जपत. तिच्यातला खडा न्‌ खडा वेचत, बाभळीचा काटा दिसला की वाकत, आणि तिथं त्यांनी हराळीचं गवत वाढू दिलं होतं. आमच्या मोजमापात साइडपट्टी मुरमाची असते, हराळी म्हणजे निष्काळजीपणा. तपासणीच्या आधी इंजिनिअरांनी ती छिलायला सांगितली तेव्हा मुकादमांनी नाही म्हटलं. “ती पडायची बाजू हाय साहेब,” असं म्हणाले. इंजिनिअरांनी माझ्याकडं पाहिलं, मी कागदांकडं.

सायकली आल्या तशी जीपमधली जागा रिकामी झाली, आणि जीपवाल्यानं ती पुढच्या गावच्या बायांनी भरून टाकली. त्याचंही पोट होतं. म्हणजे आता या बायांना परतीची वाट नव्हती. कौसाबाईनं मुकादमांना तोंडावर विचारलं, पावसाळ्यात वाट तुटली तर काय? गोदामवाला चार दिवस वाट बघेल, पाचव्या दिवशी दुसऱ्या बाया घेईल. मुकादम म्हणाले, “वाट मी राखतो. तुमी फकत चालवा.” हे त्यांनी विहारासमोर, सगळ्यांच्या देखत सांगितलं. त्या दिवसापासून तो शब्द त्यांच्या मानेवर बसला.

वाट तुटण्याची जागा एकच होती. पाचव्या किलोमीटरला एक ओढा कालव्याच्या खालच्या दगडी कमानीतून बाहेर पडतो, आपली वाट ओलांडतो आणि शेतात उतरतो. उन्हाळ्यात तिथं शेळी पाय भिजवत नाही. पावसाळ्यात मात्र डोंगराकडं पाऊस झाला की तासाभरात कमरेएवढं पाणी. पहिल्या वर्षी तिथं नुसता भराव होता, तो एकाच पाण्यात वाहून गेला, आणि मुकादमांनी दोन दिवस लाकडी फळ्या टाकून बाया पार केल्या. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तिथं मोरी घ्यायची ठरली. सिमेंटचे दोन मोठे नळे खाली घालायचे, वरून रस्ता. खात्याच्या भाषेत तिला नळकांडी मोरी म्हणतात.

आता माझी पाळी. प्रस्ताव मराठीत पाठवायचा होता आणि तो टाइप मी केला. नळकांडी हा शब्द मला जुनाट वाटला. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं, आणि त्याची खाज अधूनमधून उठायची. मी लिहिलं: ‘ओढ्याजवळ नळ व मोरी, एक नग.’ आमच्याकडं आंघोळीच्या जागेला न्हाणी म्हणतात. मोरी म्हटलं की रस्त्याखालचीच, दुसरं काही कुणाच्या मनातही येत नाही. पण वर बसलेले साहेब पश्चिमेकडचे होते, आणि त्यांच्या घरात मोरीत भांडी घासत असणार. दीड महिन्यानं फाईल परत आली. बाकी सगळं मंजूर. त्या ओळीसमोर हिरव्या शाईत शेरा होता: ‘सायकल मार्गावर नळ व मोरीची आवश्यकता दिसून येत नाही. बाब वगळावी.’

ऑफिस आठवडाभर हसलं. सायकलवरून आलेल्या बाया तिथं धुणं धुणार होत्या का, यावर चहाच्या वेळी नवनवीन विनोद झाले. सगळे वरच्या साहेबांना हसत होते, आणि त्यात मीही हसत होतो. ध चा मा कुणी केला हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणी मूळ कागद उघडून बघितला नाही, कारण टाइप केलेलं परत वाचायची आमच्याकडं पद्धत नाही. दुरुस्ती पाठवली असती तर चूक कुणाची हे लिहावं लागलं असतं. मी ती पाठवली नाही. मला तेव्हा लवकरच बढती मिळायची होती.

मुकादमांना इंजिनिअरांनी माझ्या टेबलासमोरच सांगितलं. त्यांनी शेरा स्वतः वाचला, दोनदा वाचला. त्यांना वाटलं असेल की वरच्या साहेबांचं डोकं फिरलंय. चिडले नाहीत. कागद खाली ठेवत म्हणाले, “बरं. हा कागद तेवढा वढ्याला दावा.” आणि बाहेर जाऊन त्यांनी सायकल हाताशी धरली.

मोरीसाठी नळे लागतात, ते मंजुरीशिवाय येत नाहीत. दगडाला मंजुरी लागत नाही, निदान कालव्याच्या कडेला पडलेल्या दगडाला. मुकादमांनी गँग घेतली आणि ओढ्याच्या जागी रस्ता वर उचलण्याऐवजी खाली उतरवला. ओढ्याच्या तळाला टेकेल इतका. मग फुटक्या भरावातले दगड आणून, एकेक घडवून, उभ्या बाजूनं एकमेकांना चिकटवून बसवले आणि सांध्यांत सिमेंट भरलं. अशी फरशी झाली. पाणी खालून जाणार नसेल तर वरून जाऊ दे. दगड जागचे हलणार नाहीत, आणि पाणी घोट्याएवढं असेल तोवर माणूस सायकल घेऊन पार होईल. ते काम बारा दिवस चाललं. मी रोज दोनदा तिथून जायचो, आणि रोज मान खाली घालून जायचो. शेवटच्या दिवशी त्यांनी तांब्या ओतला. दगडांवरून पाणी सरळ निघून गेलं. मला हाक मारून म्हणाले, “बराबर हाय ना भाऊसाहेब?” मी हो म्हणालो. मला फरशीतलं काय कळतं?

पावसाळा निघून गेला. चार-पाच दिवस सोडले तर बाया रोज गेल्या. दिवाळीनंतर वरून तपासणी आली, आणि साहेब फरशीवर येऊन उभे राहिले. ही बाब अंदाजपत्रकात कुठं आहे, त्यांनी विचारलं. इंजिनिअर आभाळाकडं बघायला लागले. मंजुरीशिवाय काम म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मुकादमांना या मार्गावरून काढून कळमनुरीकडच्या रस्त्यावर पाठवायचं, असंही बोलणं झालं. साहेबांनी त्यांना समोर बोलावून हे कधी केलं म्हणून विचारलं.

“जुनंच हाय साहेब,” मुकादम म्हणाले.

रस्ताच दोन वर्षांचा असताना फरशी जुनी कशी, असं साहेबांनी विचारल्यावर ते म्हणाले, “रस्ता नवा हाय. वाट जुनी हाय.”

साहेबांनी आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला. दुसऱ्या दिवशी मुकादम माझ्या टेबलाशी आले. एरवी ते दारातच उभे राहत, त्या दिवशी स्टुलावर बसले. टॉवेलची घडी करत म्हणाले, “भाऊसाहेब, दुरुस्ती लिवा. बांधलं म्हणलं का काहून बांधलं इचारतेत. दुरुस्तीला कुनी काहून म्हनत न्हाई.” मी लिहिलं: ‘सदर ठिकाणी पूर्वापार अस्तित्वात असलेल्या दगडी फरशीची किरकोळ दुरुस्ती करण्यात आली.’ या वेळी प्रत्येक शब्द तीनदा वाचला. खुलासा मान्य झाला आणि मुकादम मार्गावर राहिले. त्यांनी मला घरच्या हळदीची पुडी आणून दिली. ती घेताना मला फार वाईट वाटलं, पण नको म्हणता आलं नाही.

फिट्टंफाट झाली असं मी स्वतःला सांगत होतो. पुढच्या वर्षी मी स्वतःहून प्रस्ताव केला, ‘नळकांडी मोरी’ असं स्वच्छ लिहून, खाली इंजिनिअरांची सही घेऊन. शेरा आला: ‘सदर ठिकाणी सुस्थितीतील जुनी फरशी अस्तित्वात असल्याने नवीन मोरीची आवश्यकता नाही.’ माझ्याच खुलाशाचा क्रमांक आणि दिनांक वर संदर्भ म्हणून घातला होता. त्यानंतर त्या जागी मोरी होण्याचा प्रश्नच मिटला. कागदोपत्री त्या ओढ्यावर आता आजोबांच्या काळची फरशी आहे.

मुकादम साठीला निवृत्त झाले. शाल-नारळ झाला, दोन भाषणं झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. जागा भरण्याचा प्रस्तावही माझ्याकडूनच गेला होता, पण त्यात चूक करायला वाव नव्हता, तो नुसताच पडून राहिला. रस्ता बोलायला लागला, मग एक-दोन ठिकाणी त्यानं तोंड उघडलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझी सेनगावला बदली झाली. ऑफिसातला शेवटचा दिवस होता, दुपारपासून डोंगराकडं काळं झालेलं. एरवी अशा दिवशी मी सायकल ऑफिसात ठेवून इंजिनिअरांच्या मोटारसायकलवर मोठ्या रस्त्यानं घरी जायचो. हे सांगायला लाज वाटते, पण ती फरशी पाण्याखाली गेलेली मी तोवर एकदाही पाहिली नव्हती. त्या दिवशी सायकल घरी न्यायचीच होती. पाचच्या सुमारास निघालो. पुढं गोदामातून सुटलेल्या बाया होत्या, वीसेक असतील, एका रांगेत.

ओढा आला होता. फरशी कुठंच दिसत नव्हती, नुसतं मातकट पाणी, आणि त्याला ओढ होती. शेताकडच्या अंगाला फरशी संपते तिथं पाण्यानं खालची माती खाऊन पुरुषभर डोह केला होता, तोही वरून तसाच सपाट दिसत होता. आणि फरशीच्या त्या शेवटच्या दगडावर, गुडघ्याच्या वर पाण्यात, लिंबाजी मुकादम उभे होते. धोतर वर खोचलेलं, पहार दगडाच्या सांध्यात रोवलेली, एक हात पहारीवर. बाया सायकली हातात धरून एकेक करून पाण्यात शिरत होत्या आणि त्यांच्या आणि कालव्याच्या मधून पार होत होत्या. कुणाला सांगावं लागत नव्हतं. मुकादम आहेत तिथवर दगड आहे, त्यांच्या पलीकडं नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

मी माझ्या पुढच्या कौसाबाईला विचारलं, मामा इथं कसे? तिनं माझ्याकडं नवलानं पाहिलं. “पान्याच्या दिवशी येतेतच की. रिटायर झाल्यापून बी.” मग म्हणाली, “तुमी पान्याच्या दिवशी कुठं येता इकडं.”

माझी पाळी आली तेव्हा मी पाण्यात शिरलो. पाणी चाकाच्या आऱ्यांतून सायकल ओढत होतं. मुकादमांच्या जवळ आलो. त्यांचे ओठ गारठ्यानं निळसर झाले होते. गाव सुटणार होतं, तालुका सुटणार होता, आणि चार वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकावं असं मला फार वाटलं. मी थांबलो आणि म्हणालो, “मुकादम, त्या मोरीचं...”

“बोलू नगा भाऊसाहेब,” ते म्हणाले. “पुढं बघा.”

ते फक्त मला तसं म्हणाले की सगळ्यांनाच म्हणत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मी पुढं बघितलं आणि पार झालो. पलीकडच्या चढावर सायकल उभी केली आणि मागं वळलो. पाणी थोडं वाढलं होतं. मी जिथं नळकांडी मोरी लिहायला हवी होती तिथं मुकादम उभे होते, आणि अजून चौघीजणी यायच्या होत्या.